साडेपाच वाजताची समाधी

नाचणगाव रस्त्यावरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. रोहण्याहून दोन टेम्पो भरून आले होते, पुलगावातली माणसं पायीच आली होती. पुढच्या सतरंज्यांवर पायांना फडकी गुंडाळलेले, नजर अधू झालेले, साखरेनं आतून पोखरलेले लोक. मागे त्यांना घेऊन आलेल्या सुना, लेकी, जावई. सगळ्यांचे डोळे एका टेबलावर. टेबलावर भगवी शाल, शालीवर झेंडूचा हार घातलेला एक डबा, कंपासपेटीहून थोडा मोठा. डब्याला छोटा पडदा आणि एका तारेनं जोडलेली पितळेची थाळी.

थाळीवर हात ठेवून डब्याचं बटण दाबलं की पडद्यावर शुगरचा आकडा येतो. सुई नाही, रक्त नाही. आणि आकडा नेहमी चांगलाच येतो, कारण महाराजांच्या भस्मानं शुगर उतरते. मग गोळ्या कशाला? इन्सुलिन कशाला?

पण लोक खरे भुलले होते ते वेगळ्याच गोष्टीला. रोज सकाळी समयनाथ महाराज डब्याला वीज जोडत, डोळे मिटत, आणि पडद्यावर आपोआप उमटे: १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. महाराजांचे गुरू वर्धा नदीच्या काठी समाधिस्थ झाले, ती नेमकी हीच घटिका म्हणे. "दुनिया की घडी आगे जाती है, मेरे गुरू की घडी वापस आती है!" असं महाराज माईकवर गरजत आणि शेड टाळ्यांनी दणाणे.

आज मात्र घडी वापस येईना. पडदा काळा, मग एक पांढरी रेघ, मग पुन्हा काळा. तासभर तेच.

"यंत्र ध्यानात गेलेलं आहे," महाराज म्हणाले. "इथं बसलेल्या कोणाची तरी व्हायब्रेशन अशुद्ध आहे. जो कोणी असेल त्यानं मनातल्या मनात कबूल करावं."

पुढच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे संशयानं पाहू लागल्या.

"माह्याकडे काऊन पाह्यता वं?" शकुबाई भडकली. "म्या तीन दिवसांपासून अंडं बी नाई खाल्लं!"

शेवटच्या ओळीत सीताबाई बसली होती, आणि तिच्या शेजारी तिची लेक ज्योत्स्ना. ज्योत्स्ना हसली नाही. चार महिन्यांपासून तिला हसूही येत नव्हतं आणि रडूही. बाप गेला तेव्हा पुण्याहून आली, माणसं भेटायला येत तेव्हा चहा करत राहिली, तेराव्या दिवशी कामावर हजर झाली. जेवली का, हे तिला कपाळाला हात लावून आठवावं लागे.

बाप म्हणजे नत्थूभाऊ, कापडगिरणीतला जुना कामगार. अकरा वर्षं इन्सुलिन घेत होता. मग या शेडमध्ये येऊ लागला आणि सुई बंद केली. ज्योत्स्ना दर रविवारी फोन करायची. "बाबा, शुगर किती?" "एकशे चार, बाई." पुढच्या रविवारी एकशे नऊ. मग अठ्ठ्याण्णव. ती म्हणायची, "वा, बाबा!" आकडा कशावर मोजला, हे तिनं एकदाही विचारलं नाही. अडीच महिन्यांनी नत्थूभाऊला बेशुद्ध अवस्थेत वर्ध्याला नेलं, तेव्हा शुगर सहाशे बारा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आता सीताबाईनंही सुई बंद केली होती. ज्योत्स्ना तिला डॉक्टरकडे न्यायला आली, तर ती ढिम्म हलेना.

"आई, आपल्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. आणि तू महाराजाकडे?"

"महाराजाले मी हात बी जोडत नाई," सीताबाई ठणकावून म्हणाली. "त्याचं भस्म मी उंबरठ्याबाहेरच फेकतो. पण ते मशीन आहे, बाई. देव खोटा असन, मशीन कायले खोटं बोलन? तुह्या बाबाले तर लई अभिमान. म्हणत, माह्या पोरीसारखी कोणतीतरी पोरगी बसून हे बनवत असन."

शेवटी सौदा ठरला होता: मशीननं शुगर वाढली म्हटलं, तर सीताबाई सुई घेणार. नाही म्हटलं, तर ज्योत्स्नानं गुमान पुण्याला परत जायचं. आणि नेमकं आज मशीन बंद.

महाराजांचा शिष्य रुपेश माणसांना ओलांडत आला. कपाळाला भस्म, खिशाला दोन मोबाइल. "मावशी, तुमची पोरगी पुण्यात अशाच डब्यांचं काम करते ना? पाह्यते का म्हणा जरा? सेवा समजून."

ज्योत्स्ना उठली. का उठली, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बिघडलेलं यंत्र दिसलं की तिचे हात आपसूक कामाला लागत, एवढंच.

तिचं काम साधं नाही. अशा छोट्या डब्यांच्या आत संगणकच असतो, पण जागा कमी, ताकद कमी. म्हणून त्यात बसणारी प्रणाली कापून-बेतून शिवावी लागते: हे ठेवायचं, ते काढायचं, हा सेन्सर जोडायचा, ती वेळ भारताची करायची. मग बांधणी करायची आणि तासन् तास शोधायचं की उठता उठता यंत्र कुठं अडखळतंय.

तिनं हार बाजूला केला. शकुबाईनं "अवं अवं!" केलं. चार स्क्रू काढले, बॅगेतली तीन धाग्यांची तार काढून डबा लॅपटॉपला जोडला आणि वीज दिली. यंत्र जागं होताना स्वतःशीच बडबडत असतं. पडद्यावर ते दिसत नाही, या तारेतून दिसतं.

ओळी धावू लागल्या. दुसऱ्याच ओळीवर तिचं बोट थांबलं.

ही प्रणाली ज्या संगणकावर बांधली जाते, तिथं बसलेल्या माणसाचं नाव ती आपोआप पोटात ठेवते. प्रत्येक वेळी उठताना ते सांगते. त्या ओळीत लिहिलं होतं: ज्योत्स्ना.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही.

तिला सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वीची, आता बुडालेली कंपनी. माती तपासायचं यंत्र. कृषी प्रदर्शन चार दिवसांवर आणि सेन्सर आलेलेच नाहीत. मालक म्हणाला, पडदा रिकामा दिसता कामा नये. तिनं दहा ओळी लिहिल्या: सेन्सर सापडला नाही, तर शहाण्णव ते एकशे अठरामधला कोणताही आकडा दाखव. वर शेरा मारला: प्रदर्शनानंतर काढणे. प्रदर्शन झालं, कंपनी बसली, डबे भंगारात गेले. काढायचं राहून गेलं.

कुणी तरी ते डबे भंगारातून उचलले. रुपेशनं पडद्यावर ॐ आणि 'शुगर' हे शब्द डकवले, सेन्सरच्या जागी नुसती पितळेची थाळी लटकवली. खालचं सगळं जसंच्या तसं. एकशे चार. एकशे नऊ. अठ्ठ्याण्णव. माह्या पोरीसारखी कोणतीतरी पोरगी.

"काय झालं मॅडम?" रुपेश कुजबुजला.

"जागा संपली आहे," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "तू यात काय भरलंस?"

"महाराजांच्या आरतीचे व्हिडिओ. एकशे चाळीस असतीन."

"पोट फुटेस्तोवर भरलंस. लिहायला जागा नसली की हे अर्ध्यात कोसळतं आणि पुन्हा उठायला बघतं."

तिनं आरत्या पुसल्या. वीज बंद केली, चालू केली. पडदा उजळला: १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच.

शेडमध्ये जयजयकार झाला. महाराजांनी माईक ओढला. "देखा? बेटी के हाथों से गुरुजी प्रकट हुए!"

"रूपरावभाऊ," ज्योत्स्ना म्हणाली. पहिल्या ओळीत रोहण्याचे रूपराव बसले होते, डाव्या पायाला पट्टी. "ती विजेची पिन काढा आणि परत लावा."

"मी? मले तर काई मंत्र येत नाई."

"नकोच यायला."

रूपराव बसल्या बसल्या सरकले, पिन उपटली, परत खोचली. पडदा काळा झाला, उजळला. साडेपाच, १ जानेवारी १९७०.

"आता शकुबाई तुम्ही."

शकुबाईनं पदर खोचून पिन काढली, लावली. साडेपाच. "आता बाई! माह्या हातानं बी समाधी लागली!"

मागून कुणीतरी खिदळलं. महाराजांचा चेहरा ताणला गेला.

"या डब्यात घड्याळाची बॅटरी नाही," ज्योत्स्ना म्हणाली. माईक तिनं मागितला नाही, पण शेड गप्प होतं. "वीज गेली की हा वेळ विसरतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करतो. ही सुरुवात संगणकवाल्यांनी ठरवून ठेवली आहे: एक जानेवारी सत्तर, मध्यरात्र. पण इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या घड्याळातली. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणून साडेपाच. बॅटरी आणि इंटरनेट नसलेले असे किती तरी डबे हीच तारीख दाखवतात. तेवढ्या सगळ्यांत यांचे गुरू समाधी घेत नाहीत."

"विज्ञान जहाँ खतम होता है," महाराज गरजले, "वहाँ से हमारा शुरू! तारीख छोडो, शुगर देखो! शुगर झूठ है क्या?"

ज्योत्स्ना बाहेर गेली आणि मातीचं एक ढेकूळ घेऊन आली. थाळीवर ठेवून बटण दाबलं. पडदा: १०७.

"धरतीमाता निरोगी आहे!" महाराज तत्काळ म्हणाले, आणि खरंच, अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसाला फसायचंच असलं की तो ढेकळालाही हात जोडतो.

मग तिनं थाळीची तार डब्यातून उपटली. थाळी उचलून रूपरावांच्या मांडीवर ठेवली. टेबलावर एकटा डबा, त्याला विजेशिवाय काही जोडलेलं नाही. तिनं बटण दाबलं. ११२. पुन्हा दाबलं. ९९. पुन्हा. ११६.

"हात नाही, थाळी नाही, तार नाही. ही शुगर कोणाची आहे, महाराज?"

टाळ्या नाहीत.

"दुश्मनों ने भेजा है इसको!" महाराज रुपेशला शोधू लागले. रुपेश दोन्ही मोबाइल घेऊन मागच्या दारातून केव्हाच सटकला होता. "ये लडकी को क्या पता यंत्र का!"

"हे यंत्र मी बनवलं," ज्योत्स्ना म्हणाली.

तिनं लॅपटॉप वळवून धरला, ओळीवर बोट ठेवलं. "हे माझं नाव. माती तपासायला बनवलं होतं. मोजणारा सेन्सर नसला तर खोटा आकडा दाखव, हे मी लिहिलं, चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी. काढायला विसरले. हाच आकडा माझा बाप मला दर रविवारी फोनवर सांगायचा, आणि मी वा म्हणायची." पुढचं वाक्य तिनं एखाद्या अहवालासारखं उच्चारलं. "तो मेला. महाराजांनी मारला, आणि थोडा मीही."

रूपराव मांडीवरच्या थाळीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "माही दोन बोटं कापली तवा बी हे एकशे नऊच दाखवून राह्यलं होतं." त्यांनी पट्टीवर हात ठेवला. "आता तिसरं काळं पडून राह्यलं. अन् म्या गोळ्या नाल्यात टाकल्या, बाप्पा. नाल्यात."

त्यांच्या जावयानं महाराजांची वाट अडवली. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. असल्या माणसांसाठी कायदा आहे, तो वापरायचा असतो. या गडबडीत एक म्हातारी वाकली आणि ज्योत्स्नाच्या पायांवर डोकं टेकू लागली. "माय, तुले सगळं दिसलं वं. माह्या नातवाले हात लाव."

"नका!" ज्योत्स्ना मागे सरली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मला काही दिसलं नाही. मी तार उपटून पाहिली. तुम्हालाही उपटता येते. नातवाला दवाखान्यात न्या."

गोष्ट एवढीच आहे, बाबांनो. तुम्ही दगडाचा देव सोडला म्हणून छाती फुगवता आणि पडदा चमकला की नांगी टाकता. डब्याला शाल घातली काय आणि कंपनीचं नाव चिकटवलं काय, तो कोणीतरी माणसानंच बनवलेला असतो. घाईत, चुका करत, मालकाच्या धाकानं. तो आकडा सांगेल. आकडा आला कुठून, हे विचारायचं काम तुमचं आहे. ते डब्यावर सोपवलंत, तर तुमचा बाप तुम्ही जाळाल.

घरी आल्यावर सीताबाई बराच वेळ भिंतीला टेकून बसली. नत्थूभाऊच्या फोटोकडे तिनं पाहिलं नाही. मग स्वतःच उठली, पेटी उघडली आणि लुगड्यांच्या खालून रक्त तपासायचं जुनं मशीन काढलं.

"याच्या पट्ट्या संपल्या असतीन."

"मी नव्या आणल्या आहेत."

सीताबाईनं बोट पुढे केलं. ज्योत्स्नानं सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. मशीननं पाच सेकंद मोजले. पडद्यावर आकडा आला. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

सीताबाईनं मशीन हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. पट्टी कुठं खोचली आहे, ते बोटानं चाचपलं. मग लेकीकडे रोखून पाहत विचारलं, "हा आकडा कुठून आला?"

"तुझ्या रक्तातून."

"अन् पट्टी काढली तर?"

ज्योत्स्नानं पट्टी काढली. नवी पट्टी रक्ताशिवाय लावली. पडद्यावर थेंबाचं चित्र लुकलुकत राहिलं. आकडा येईना. दोघी वाट पाहत राहिल्या. आकडा आला नाही.

"हं," सीताबाई म्हणाली आणि पोटावरचं पातळ बाजूला केलं. "आण ते सुई."