पुसलेला रविवार

प्रवेशाची यादी लागली की आठवडाभर माझ्या काउंटरपुढे रडारड चालते. नैरोबीत न्गाँग रोडवर, दुसऱ्या मजल्यावर आमचं कार्यालय आहे. मिशनच्या काही नर्सिंग कॉलेजांनी मिळून ते चालवलंय. यादीत नाव नसलं की लोक मोबाइल पुढे करतात, 'हा बघा अर्ज मिळाल्याचा मेसेज.' पैसे मिळाल्याचे खोटे मेसेज बनवणारी पोरं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. अर्जाचा मेसेज बनवणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. म्हणून मी कोणाची गय करत नाही. नजोकीच्या काउंटरवर डाळ शिजत नाही, हे खाली उकडलेली अंडी विकणारासुद्धा सांगेल.

बोसिबोरी आली ती वडिलांना घेऊन. किसीच्याही पुढच्या एका गावाहून रात्रभर प्रवास करून आली होती. वडील ओमवेंगा मऊ दगड कोरून मूर्ती करणारे. नखांत पांढरी भुकटी, अंगात चर्चला घालायचा कोट. मुलगी शिडशिडीत, बोलायला धीट.

तिच्या मेसेजमधला अर्जाचा नंबर मी कॉम्प्युटरवर टाकला. पडद्यावर माचाकोसच्या एका मुलाचं नाव आलं.

"हा नंबर तुझा नाही," मी म्हटलं. "कोणाकडून बनवून घेतलास?"

"मॅडम, मीच अर्ज भरला. आमच्या बाजारातल्या सायबर कॅफेत, रविवारी सकाळी."

"रविवारी सकाळी! सगळा देश चर्चमध्ये असतो तेव्हा?"

"आम्ही शनिवारी जातो, मॅडम."

"बरं बाई, देवाचा वार तुझा तू ठरव. नंबर मात्र दुसऱ्याचाच आहे."

आवाज चढले तसे आमचे संचालक म्वेंडवा साहेब बाहेर आले. त्यांनी किथिंजीला बोलावलं. सगळे अर्ज ज्या सर्व्हरवर असतात, तो सर्व्हर किथिंजी सांभाळतो. मेरूकडचा, शांत माणूस. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खांद्यावर कायम दुधाचा डाग असतो आणि आम्ही त्याला त्यावरून छळतो.

त्याने मुलीचा मोबाइल हातात घेतला. मेसेज दोन ओळींचा, पण तो वाचतच राहिला.

"हिची नोंद आहे का मशीनमध्ये?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. नोंद नाही," किथिंजी म्हणाला. मोबाइल परत देताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

मी तिच्या तक्रारीच्या कागदावर 'बनावट' असा शिक्का मारला. असा शिक्का बसला की तीन वर्षं कुठल्याच कॉलेजात अर्ज करता येत नाही. मुलगी म्हणत होती, "बाबा, देवाशप्पथ, मी भरला होता." ओमवेंगांनी तिला गप्प केलं. "कॉम्प्युटर खोटं बोलेल का गं? त्याला तुझ्याशी काय वैर?" मग ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "पोरगी चुकली, साहेब. आमच्या घरात असं कधी झालं नाही. माफ करा." माझ्याएवढ्या पोरी ज्याच्या घरात असतील तो माणूस माझ्यापुढे मान खाली घालून उभा होता, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

दुपारी किथिंजीने डब्याला हात लावला नाही. चपाती तशीच गार झाली.

"काय रे, बायकोने मीठ जास्त घातलं का?" मी विचारलं.

"नजोकी, ती पोरगी खरं बोलत होती."

मग त्याने सांगितलं. त्या रविवारी सकाळी त्याने सर्व्हरवर पॅच चढवला होता. सॉफ्टवेअर बनवणारे अधूनमधून दुरुस्तीचं असं ठिगळ पाठवतात. ते आम्ही नेहमी रविवारी सकाळीच लावतो, कारण तेव्हा कोणी नसतं. पण या वेळी ठिगळ लावल्यावर मशीन धापा टाकायला लागलं. साधं नाव शोधायलाही जीव जायचा. पॅच मागे घेणं भाग होतं.

"त्याच्या दोन वाटा असतात," तो म्हणाला. "एक तर नुसता पॅच काढायचा. टाका टाका बघत उसवायचं. अख्खी दुपार गेली असती. नाहीतर आधी काढून ठेवलेली अख्ख्या मशीनची प्रत परत बसवायची. चहा उकळेपर्यंत काम खलास. पण मग मधलं मशीनला काही आठवत नाही. मधे कोणी अर्ज भरला असेल तर तो पुसला जातो. नंबरसुद्धा मागे जातात. तिचा नंबर नंतर त्या माचाकोसच्या मुलाला मिळाला."

"आणि मधे कोणी भरलाय का, ते बघायचं नसतं?"

"बघायचं असतं. एका ओळीचं काम आहे." तो डब्याकडे बघत होता. "माझ्या पोरीचा, कागेन्दोचा, बाप्तिस्मा होता गं त्या दिवशी. बायकोचे फोनवर फोन. पाळक थांबलेत, तुझी आई रुसलीय, कुठे आहेस? मला वाटलं, या वेळी अर्ज कोण भरतंय? सगळे चर्चमध्ये असतील."

किसीकडची अर्धीअधिक माणसं शनिवार पाळतात. रविवारी त्यांचा बाजार, धुणीभांडी, सायबर कॅफे, सगळं सुरू. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या चाळीत खालीच एक किसीचं कुटुंब राहतं. रविवारी त्यांच्या रेडिओच्या आवाजावरून मी भांडतेसुद्धा.

"मग मघाशी तोंड का शिवलंस?" मी इतकी चिडले होते की पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं.

"साहेबांनी विचारलं, नोंद आहे का. नोंद नाहीच आहे. मी खरं तेच सांगितलं." एवढं बोलून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी त्याला खूप बोलले. पण बोलून झाल्यावर जागेवर येऊन बसले आणि पुढच्या माणसाचा मोबाइल तपासायला घेतला. तिच्या कागदावरचा शिक्का माझ्याच हातचा होता. मी तरी कुठे उठून साहेबांकडे गेले? त्याला लहान मूल होतं, मला घराचं भाडं होतं. त्या सकाळी अर्ज भरलेल्या आणखी किती जणी असतील, हेही आता कोणाला कळणार नव्हतं. त्या आपल्या गावात बसून नशिबाला बोल लावत असतील, या विचाराने माझी झोप उडाली, पण तोंड उघडलं नाही.

किथिंजी मात्र दिवसेंदिवस वाळत गेला. मुलीला मांडीवर घेववत नाही, म्हणाला. शेवटी एका शुक्रवारी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि मलाही साक्षीला नेलं.

म्वेंडवा साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"सोमवारी तिला गुपचूप घेऊन या. सप्टेंबरच्या तुकडीत बसवतो. शिक्का काढून टाकू. पण बाहेर एक अक्षर गेलं ना, तर गावभरचे लबाड उद्या दारात उभे राहतील, की आमचेही अर्ज तुमच्या मशीनने खाल्ले. मग किथिंजी, तुझी खुर्ची मी वाचवू शकणार नाही. कळलं?"

"कळलं, साहेब."

ओमवेंगांचा आणि पोरीचा, दोन्ही फोन लागत नव्हते. म्हणून त्याच रात्री आम्ही दोघं मटाटूत, म्हणजे आमच्याकडच्या मिनीबसमध्ये, बसलो. वाटेत किथिंजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होता, 'थोडी गडबड झाली होती, आता सगळं ठीक आहे.' मी म्हटलं, अरे, दूधवाला बोलतो तसं बोलतोयस. तो हसला नाही.

शनिवारी सकाळी गावात पोचलो तर घरांना कुलपं. सगळे चर्चमध्ये. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पाळकांनी अनोळखी चेहरे पाहिले आणि किसीकडच्या गुसी भाषेतलं बोलणं थांबवून, पाहुण्यांना कळावं म्हणून, स्वाहिलीत सुरू केलं. आमचा मान राखला त्यांनी.

पुढे बोसिबोरी उभी होती. कडेला वडीलजनांच्या बाकावर ओमवेंगा बसले होते. त्यांची नजर जमिनीवर होती.

"मी नर्सिंगच्या प्रवेशासाठी खोटा मेसेज बनवला," ती म्हणाली. शाळेत कविता म्हणावी तसा तिचा आवाज सपाट होता. "आईवडिलांना आणि मंडळीला खाली बघायला लावलं. मला क्षमा करा."

शेजारची म्हातारी माझ्याकडे झुकून कुजबुजली, "पोर गुणाची आहे हो. किती दिवस कबूलच करत नव्हती. बापाने बोलणं टाकलं, तेव्हा कुठे कबूल झाली."

पाळक म्हणाले, "बहिणीला क्षमा करून पुन्हा मंडळीत घ्यावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

अख्खं चर्च हातांनी भरून गेलं. बायका 'आमेन' म्हणाल्या. कोणीतरी गाणं सुरू करायला घसा खाकरला.

"विरोधात कोणी?" पाळकांनी विचारलं. हे नुसतं विचारायचं म्हणून विचारतात. उत्तराची वाट कोणी बघत नाही.

किथिंजीने हात वर केला.

मी त्याची बाही ओढली. "वेडा झालास का? सोमवारी होणारच आहे सगळं!" पण तो उभा राहिला होता. बाकांवरची डोकी एकेक करून मागे वळली.

"पाहुणे," पाळक चमकून म्हणाले, "तुम्हाला इथं मत नाही. आणि या लेकराने तुमचं काय बिघडवलंय?"

"काहीच नाही. तिने कोणाचंच काही बिघडवलेलं नाही. क्षमा करण्यासारखं काही नाहीच, म्हणून हात वर केला." त्याचे शब्द नीट येत होते. "मेसेज खरा होता. अर्ज मी पुसला. मशीन मागे नेताना मधे कोणी आहे का, ते मी बघितलं नाही. मला घरी जायची घाई होती."

घोकून पाठ केलेलं वाक्य त्याने वापरलं नाही. सप्टेंबरच्या तुकडीचंही सांगितलं नाही. ते मला उठून सांगावं लागलं, आणि कोणी ऐकलं की नाही, कोण जाणे.

बोसिबोरीने त्याला ओळखलं होतं. ती दोन बाकं ओलांडून आमच्या दिशेने आली.

"त्या दिवशी माझा फोन तुमच्या हातात होता," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

तो नाही म्हणू शकला असता. खोटं पकडणारी तिथे मी एकटीच होते, आणि मी काही बोलले नसते.

"हो," किथिंजी म्हणाला.

ओमवेंगा बाकावरून उठले. मुलीजवळ जाऊन त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो शांतपणे बाजूला केला. तिने त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. ती किथिंजीकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे.