रिकाम्या चौकटीचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर प्राध्यापक एका हातात थेंबांची बाटली आणि दुसऱ्या हातात आमच्या शोधपत्रिकेचा अंक नाचवत होते.

"मी सांगतो म्हणून मानू नका! हे बघा, छापून आलंय! नव्वद दिवसांत साखर ताब्यात. इन्सुलिनची सुई फेकून द्या!"

टाळ्यांचा कडकडाट. हवेतून अंगारा काढणारे बुवा परवडले, निदान ते शोधनिबंध तरी काढत नाहीत.

पहिल्या रांगेत माझी आत्या टाळ्या पिटत होती. तिने तीन आठवड्यांपूर्वीच इन्सुलिन सोडलं होतं. पायाची करंगळी काळी पडत चालली होती.

"आत्या, अगं दवाखान्यात चल."

"तुझ्याच पत्रिकेत आलंय ना रे? मग खोटं कसं असेल?"

मी त्या पत्रिकेची पानं लावतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक पत्रिकेचं कार्यालय गाठलं, प्राध्यापकांनी निबंधासोबत भरून दिलेला अर्ज काढला. 'या औषधाशी तुमचा आर्थिक किंवा कौटुंबिक संबंध आहे का?' या प्रश्नापुढची चौकट कोरी होती. आणि छापील निबंधाच्या शेवटी मात्र ठाम वाक्य: 'लेखकाचे कोणतेही हितसंबंध नाहीत.' हे वाक्य आमच्या पानाच्या साच्यातच बसवलेलं असतं. चौकट कोरी आली तर ते कुणी काढत नाही. मीही काढलं नव्हतं.

"एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं?" संपादक म्हणाले.

कंपन्यांच्या मालकांची सरकारी नोंद कुणालाही बघता येते. मी बघितली, दहा मिनिटं लागली. तसाच सभागृहात परतलो आणि उभा राहिलो.

"सर, ही बाटली बनवणारी कंपनी कुणाची?"

"प्रश्न शेवटी घेऊ."

"तुमची आणि तुमच्या बायकोची. निबंधात का नाही लिहिलंत?"

"मी खोटं कुठे लिहिलंय?" ते उसळले. "मी चौकट कोरी सोडली होती!"

"खरंय. खोटं मी छापलं."

आत्या चप्पल काढून पाय दाखवत म्हणाली, "मग याचं काय, सर?" बाटलीवाल्याने नजर फिरवली. त्याच संध्याकाळी मी तिला दवाखान्यात नेलं. करंगळी कापावी लागली.

माझा संताप अजून उतरलेला नाही, तो स्वतःवरही आहे. म्हणून हात जोडून सांगतो, छापलेल्या कागदापुढे हात जोडू नका. औषध विकणाराच औषध तपासतोय का, हे आधी विचारा. आणि उत्तराची जागा कोरी असेल, तर उत्तर मिळेपर्यंत आपली सुई फेकू नका.