मिरवणूक पांगवणारे साहेब

निवृत्त फौजदारसाहेब नगराध्यक्ष म्हणून निवडून आले, ही बातमी गल्लीत वाऱ्यासारखी पसरली. हातात फुलं घेऊन, आरोळ्या ठोकत अख्खी गल्ली त्यांच्या दारात लोटली. निकाल संध्याकाळी लागेल या हिशेबाने साहेब निवांत दाढी करत होते. गलका ऐकताच नोकरीतली सवय उसळली. तोंडावरचा फेस तसाच ठेवून ते तरातरा बाहेर आले आणि गरजले, "गर्दी करू नका! रस्ता मोकळा करा! चला, घरी जा सगळे!"

साहेबांचा शब्द कोण मोडणार? क्षणात रस्ता ओस पडला.

"अहो, ती तुमचीच मिरवणूक होती!" बायकोने कपाळावर हात मारला. "निवडून आलात तुम्ही!"

साहेब चपापले. धावत जाऊन त्यांनी खुंटीवरची जुनी शिट्टी काढली आणि दोनदा लांबलचक फुंकली. पूर आला त्या वर्षी त्यांनीच गल्लीला शिकवलं होतं, ही शिट्टी ऐकली की हाती लागेल ते घेऊन मदतीला धावत या.

दारं धडाधड उघडली. सगळे धावत आले, पण फुलं एकाच्याही हातात नव्हती. कुणी दोर आणला होता, कुणी बादल्या, आणि कोपऱ्यावरच्या आजी चक्क शिडी ओढत होत्या.

"कोण बुडालं, साहेब?" आजींनी धापा टाकत विचारलं.

साहेबांचा फेसाळ चेहरा उजळून निघाला.

"शाब्बास!" ते ओरडले. "आत्ता आलो मी निवडून!"