गुलाबरावांचा लाल पट्टा

प्रांजलीचं बारसं झालं त्याच वर्षी मला शिवलं. छत्तीसगड राज्यही तेव्हा वर्षभराचंच होतं. मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. भिलाईच्या कॅम्प १ या वस्तीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराने मला घडवलं. पोटात पोलाद कारखान्यातले फाटके हातमोजे भरले, वर प्रांजलीच्या आईच्या, सिंधुताईंच्या, दोन जुन्या साड्या. दोन्ही टोकांना लोखंडी कड्या लावून तो म्हणाला, भरण खाली बसतं, म्हणून हिला अधूनमधून उलटी टांगत जा.

प्रांजलीचे वडील गुलाबराव दिवसभर त्याच कारखान्यात कोक ओव्हनवर, दगडी कोळशाच्या भट्टीवर, राबत आणि संध्याकाळी मला मारत. सहा फूट उंच माणूस. त्यांचा उजवा हात सरळ समोरच्याच्या जबड्यावर जायचा. कोलकात्याला पैशांच्या लढती जिंकून आले तेव्हा पेपरात फोटो छापून आला. पार मोहन नगरच्या वस्तीतूनही लोक मला हात लावून बघायला येत. त्या आनंदात गुलाबरावांनी जबड्याच्या उंचीवर माझ्या अंगावर लाल ऑइल पेंटचा पट्टा ओढला. तो खाली जाऊ नये म्हणून मला उलटवणं मात्र बंद झालं. वर मी मऊ पडले, खाली दगड झाले.

पुढे गुलाबरावांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. लोक येईनासे झाले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

ते टॉवेल प्रांजलीने काढले. एकविसाव्या वर्षी तीही व्यावसायिक बॉक्सर झाली. पण तिची उंची जेमतेम पाच फूट. खुर्चीत बसलेले गुलाबराव पट्ट्यावरच मारायला लावत आणि ती टाचा उचलून मारत राही. पहिल्या दोन्ही लढती ती हरली. तिसरी रायपूरला होती. हीही गेली तर पुन्हा बोलावणार नाही, असं भरवणाऱ्यांनी स्पष्टच कळवलं. हातात सात आठवडे होते.

मग तिने खाली, बरगडीच्या उंचीवर मारायला सुरुवात केली. तिथे मी दगड. चार दिवसांत तिच्या मुठी सुजल्या, तरी ती थांबेना. मला फार वाईट वाटे. सिंधुताईंनी हळदीचा लेप लावला आणि बॅग उलटी करा म्हणाल्या. गुलाबराव ऐकेनात.

"बाबा, तुमच्या पट्ट्यापर्यंत पोचायले मले स्टूल लागते," प्रांजली म्हणाली. "रिंगमंधी स्टूल कोण नेऊ देते?"

"गुलाबरावची पोरगी पोटात मारते, असं म्हणतीन लोकं."

"म्हणू द्या. पोटात मारून जिंकली, असंबी म्हणतीन."

ती साखळी सोडवू लागली.  गुलाबराव डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून उठले.

"थांब. एकटीनं नको काढू. वजन हाय तिचं."

त्यांनी डावा खांदा मला लावला. सिंधुताईही आल्या आणि तिघांनी मिळून मला उतरवलं, उलटं टांगलं. मऊ जागा खाली आली, पट्टा प्रांजलीच्या कमरेशी. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीतून एकच शब्द येऊ लागला, "बरगडी." सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर, तिने एक दिवसही सराव चुकवला नाही.

रायपूरची लढत चार फेऱ्यांची होती. दोन फेऱ्या ती मागे होती. तिसऱ्या फेरीत तिचा डावा हात बरगडीखाली बसला. समोरची मुलगी गुडघ्यावर गेली ती उठली नाही. मी तिथे नव्हते, पण घरात फोनवर लढत बघून गुलाबरावांनी सिंधुताईंना तीनदा सांगितलं, "पोटात लागला, पोटात."

मित्रांनो, कुणाच्या मोठ्या नावापायी कुणी हलवत नाही, अशी एखादी वस्तू तुमच्याही घरी असेल. तिला नमस्कार करून दूर राहू नका. खाली काढा, झटका, आपल्या हाताला येईल तशी लावा आणि वापरा. आम्हा वस्तूंना तेवढीच काळजी पुरते.

प्रांजली त्यानंतर चार लढती लढली, तीन जिंकली. त्यांतल्या पहिल्या दोनच गुलाबरावांनी पाहिल्या. ते २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, गुरुवारी सकाळी, घरीच वारले.