बुधवारपुरता कोच

वेंडेलने काचेचं भांडं गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. चौकोनी, झाकणाचं भांडं. आत बायकोने, जोलीनने, साखरेत घोळून भाजलेले अक्रोडासारखे पेकन काठोकाठ भरले होते. तळाला पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'व्ही. पिकेट'. चर्चच्या जेवणात भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मिसिसिपीत झाडून सगळ्या बायका आपल्या भांड्यांना अशी पट्टी लावतात.

"काय आजोबा, बाळाला पट्टा बांधताय?" लोमॅक्स पुढे बसत म्हणाला.

वेंडेलने मागचं दार लावून घेतलं. तो अठ्ठावन्न वर्षांचा, साहेब एकोणचाळीसचा. हे 'आजोबा' गेले सहा आठवडे चाललं होतं, बहुतेकदा चारचौघांत. त्याची सवय झाली होती असं नाही, गिळायची सवय झाली होती.

डिसेंबरात कॉलेजने जुने मुख्य कोच गार्नर यांना नारळ दिला आणि त्यांच्याबरोबर आठ सहायकांनाही. नववा वेंडेल, तो तेवढा राहिला. गेली एकोणीस वर्षं कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची पुढची फळी तोच घडवत आला होता. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे जे पाच धिप्पाड गडी भिंत होऊन उभे राहतात, ते त्याचे. नवा मुख्य कोच म्हणून आलेल्या लोमॅक्सने पत्रकारांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सातत्य महत्त्वाचं. जुनी एक भिंत ठेवूनच मी घर बांधतो." टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून जुने सहकारी वेंडेलचा फोन उचलेनात, त्यांच्या लेखी तो फितूर. आणि नवे सगळे तो खोलीत शिरला की बोलायचे थांबत. त्यांच्या दारांवर पितळी पाट्या लागल्या. वेंडेलच्या दारावर नाव होतं, पण चिकटपट्टीवर. पाटी मागवलीय, असं त्याला तीनदा सांगून झालं होतं.

गाडी पाइनच्या रानातून दक्षिणेला निघाली. नव्वद मैल जायचं होतं. तासाभराने वेंडेलनेच विषय काढला.

"मार्चच्या सरावाचा तक्ता पाहिला. माझ्या रकान्यात दुसऱ्याचं नाव आहे."

"पाहिलात का? बरं झालं, माझं सांगणं वाचलं." लोमॅक्स फोनमधून वर न बघता म्हणाला. "बुधवारी सह्यांचा दिवस. जोनास पिकेटचा कागद आला की तुमचं काम संपलं. पुढच्या सोमवारपासून माझा मेव्हणा येतोय."

"म्हणजे मला ठेवलं ते—"

"या पोरासाठी. अख्ख्या राज्यात पहिल्या क्रमांकाचा गडी, आणि त्याची आई तुमच्याशिवाय कुणाला दारात उभं करत नाही. आता मी काय करणार होतो?" त्याने फोन खिशात टाकला. "हे बघा, पोरगं मिळालं तर मी तुमच्यासाठी दोन-चार ठिकाणी फोन करीन. नाही मिळालं, तरी करीन. पण मग काय बोलेन ते तुम्ही समजून घ्या."

वेंडेलचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. संताप असा उसळला, की गाडी रस्त्याकडेला घ्यावी आणि या माणसाला कॉलर धरून खाली उतरवावं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी पुढच्या फळीच्या कोचला दारात कोण उभं करतं? आणि समोरच्याने फोनवर दोन वाक्यं वाईट बोलली, की उरलेली दारंही बंद. त्याने वेग तेवढा कमी केला.

खरा काटा दुसराच होता. फुटबॉलमध्ये शाळेतल्या मुलाने कॉलेजच्या कागदावर सही केली की मुलगा बांधला जातो. सोडून गेला तर वर्षभर बाहेर बसावं लागतं. कोचला कोण बांधतं? आज इथे, उद्या तिथे. हे जोनासच्या आईला, वर्लीन पिकेटला, पक्कं ठाऊक होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या स्वयंपाकघरात वेंडेलला तोंडावर विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "जोनासला मीच शिकवणार. दुसरा कुणी नाही." त्या दिवशी तिने केळ्याचं पुडिंग भरून हे भांडं त्याच्या हाती दिलं. "राहू दे तुमच्याकडे. परत द्यायला तरी याल." तेव्हापासून भांडं जातं-येतं आहे. रिकामं एकदाही नाही, ना इकडून, ना तिकडून.

वर्लीन दारातच उभी होती. शाळेची बस चालवणारी बाई. रविवारच्या कपड्यांवरही अंगात बसवालीचं जाड निळं जाकीट. "या कोच," ती वेंडेलला म्हणाली, भांडं घेतलं, झाकण उघडून वास घेतला. "जोलीनला सांगा, माझं वजन तिच्यामुळे वाढतंय." मग लोमॅक्सकडे बघून, "आणि हे नवे साहेब."

टेबलावर तळलेली कोंबडी, मोहरीच्या पाल्याची भाजी, मक्याचा पाव. जोनास आईच्या शेजारी बसला, साडेसहा फूट उंच, गुडघे टेबलाला टेकत होते. लोमॅक्सने ताट बाजूला सारलं.

"मी तळलेलं खात नाही."

"भाजी तळलेली नाही."

"भूक नाही, बाई."

वर्लीनने त्याचं ताट उचललं आणि आतला तुकडा जोनासच्या ताटात टाकला. लोमॅक्स बोलत राहिला. नवी व्यायामशाळा, टीव्हीवरचे सामने, यंव आणि त्यंव. तिने मधेच हात वर केला, बससमोरून पोरांना रस्ता ओलांडू देताना करते तसा.

"एवढंच सांगा. ऑगस्टात माझ्या पोराला मैदानात उभं राहायला कोण शिकवणार?"

"कोण म्हणजे? हे काय बसलेत समोर!" लोमॅक्स हसला. "म्हणून तर यांना ठेवलंय."

सगळे वेंडेलकडे बघू लागले. तोंडात घास होता. तो त्याने चावला, पुन्हा चावला, आणि पाण्याचा ग्लास उचलला. टेबलाखालून लोमॅक्सचा बूट त्याच्या नडगीवर आपटला.

"जोनासचा डावा पाय अजून उशिरा पडतो," वेंडेल म्हणाला. "तेवढ्याकडे लक्ष दे, बाळा. कुणीही शिकवायला असलं तरी."

जोनासने मान हलवली. वर्लीनने नाही हलवली.

निघताना तिने ओट्यावर पेकन एका बरणीत काढले, भांडं विसळून पुसलं आणि फ्रिजमधून पुडिंग बाहेर काढलं. पुडिंगचा पहिला डाव भांड्यात पडणार, तेवढ्यात वेंडेल म्हणाला,

"आज नको."

डाव तसाच हवेत राहिला. "पुडिंग नको?"

"भांडं. इथंच राहू दे ते, वर्लीनबाई. तुमचं आहे, तुमच्याकडे असलेलं बरं."

"चला, चला," लोमॅक्स दारातून ओरडला. "अजून एक घर करायचंय."

वर्लीनने भांडं उलटं करून तळाची पट्टी पाहिली, जणू नाव कुणाचं आहे याची खात्री करून घ्यावी. मग वेंडेलकडे पाहिलं. मग दारातल्या माणसाकडे. डाव पुडिंगमध्ये परत ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "बुधवारी बोलू."

परतीच्या वाटेवर लोमॅक्स खुशीत शीळ घालत होता. बाई पटली म्हणे! वेंडेलला स्वतःचीच शिसारी आली. तोंड होतं, जीभ होती, बाईच्या डोळ्याला डोळा भिडवून चार वाक्यं बोलायची होती. ती त्याने एका भांड्यावर ढकलली. भित्रा लेकाचा. आणि तिला कळलं असेल, तर नोकरी तर गेलीच होती, आता लोमॅक्सचे फोनही गेले. कळलं नसेल, तर पोरगं मेव्हण्याच्या हाती. रात्री जोलीनने भांड्याचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "राहिलं तिकडे."

बुधवारी सकाळी सातपासून सगळे फॅक्सच्या यंत्राभोवती गोळा झाले. सही केलेले कागद एकेक करून येत होते आणि प्रत्येक कागदाला टाळ्या पडत होत्या. आठ वाजले, साडेआठ. एकवीस कागद आले. पिकेटचा नाही. लोमॅक्स यंत्रात कागद आहे की नाही ते दोनदा उघडून पाहून आला.

नऊला त्याच्या खोलीतला फोन वाजला. "पिकेटबाई!" त्याने वेंडेलला बोटाने आत बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला. "वाटच बघतोय तुमची."

"बसची फेरी संपवून आत्ताच आले," वर्लीन म्हणाली. "कागद समोर आहे. पेनही आहे. आधी तुमचा कागद पाठवा."

"कुठला कागद?"

"वेंडेल स्ट्रिकलंड चार वर्षं पुढच्या फळीचे कोच राहतील, असा. तुमची सही, तुमच्या संचालकांची सही. तो आला की आमचा निघाला."

लोमॅक्सने वेंडेलकडे असं पाहिलं, की दृष्टीने माणूस मरत असता तर वेंडेल तिथेच आडवा झाला असता. "बाई, कॉलेजात असं नसतं."

"माझ्या बसमध्ये असतं. पोरं बसली की ड्रायव्हर मधेच उतरत नाही."

"दोन वर्षं करू. दोन पुष्कळ झाली."

"मग जोनासनेही दोनच वर्षं खेळायचं का?"

पलीकडे जोनासचं हसू ऐकू आलं. लोमॅक्सचे कान लाल झाले. "यांनी काही सांगितलं का तुम्हाला?"

"कोचनी? ते जेवले आणि गेले. तुम्ही समोरच होतात की. तुम्ही मात्र काही खाल्लं नाहीत, ते मी पाहिलं." तिने जरा थांबून पुढे म्हटलं, "घाई नाही. सही एक एप्रिलपर्यंत चालते, मला वाचता येतं. तोवर आणखी तीन कॉलेजांना हेच विचारते. पोरगं हवं असेल त्याने कोचही घ्यावा."

फोन बंद झाला. बाहेर बाविसावी टाळी पडली, कुणा दुसऱ्याच कागदासाठी. लोमॅक्स खिडकीपाशी गेला, परत आला. हेच पोरगं आणतो, असं त्याने विश्वस्तांना छातीठोकपणे सांगितलं होतं. साडेदहाला कागद तयार झाला. संचालकांनी आधी सही केली आणि काही न विचारता निघून गेले. मग लोमॅक्सने केली, इतकी दाबून, की खालच्या कागदावर उमटली.

"चार वर्षं," तो दात आवळून म्हणाला. "रोज सकाळी तुमचं थोबाड. तुमचं जिणं नकोसं करीन मी इथे."

वेंडेलने पेन घेतलं. चार वर्षं हा माणूस, हा आवाज, हे 'आजोबा'. मग त्याला तो हवेत थांबलेला डाव आठवला, आणि त्याने सही केली.

"करा," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

कागद गेला. सहा मिनिटांनी यंत्र किरकिरलं आणि 'जोनास पिकेट' ही मोठाली, शाळकरी अक्षरं बाहेर सरकली, खाली आईची निळी सही. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. आत लोमॅक्सने फोन उचलला होता. "ऐक ना," तो हळू आवाजात म्हणत होता, "तुझ्या भावाचं जरा... नाही, ओरडू नकोस, आधी ऐक..." वेंडेल बाहेर आला आणि त्याने दार आपल्या हाताने अलगद लावून घेतलं.

त्याच्या दारापाशी कार्यालयातल्या मिसेस टॉलिव्हर उभ्या होत्या, हातात वही. "तुमच्या पाटीचं आता खरंच मागवते हो. पितळीच ना?"

"नको. ही पट्टीच राहू द्या," वेंडेल म्हणाला. "चांगली लावली की दोन वर्षं धुतली तरी निघत नाही."

पट्टीचा एक कोपरा सुटला होता. त्याने त्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ दाबून धरला.