किल्लेदाराचं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पण माझ्यात ना गणितं आहेत, ना निबंध. माझ्यात एक साहस आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार माझ्यातली गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातले प्रवासी होतात. कोणता दरवाजा उघडायचा, कुणाशी लढायचं, हे ते ठरवतात आणि फासे टाकून नशीब अजमावतात.

मला लिहिलं एका नकाशे काढणाऱ्या तरुणाने. कचेरीतून आला की तो टोकदार पेन्सिलीने माझ्या पानांवर डोंगर, भुयारं, तटबंदी काढत बसायचा. शेवटच्या दालनात त्याने एक लंगडा किल्लेदार बसवला. गावाच्या तोंडावर दरवाजा लावून घेणारा. तो असा का वागला, हे कुठेच लिहिलं नव्हतं. त्याच वर्षी माझ्या मालकाचा थोरला भाऊ आजारी आईला टाकून घरातून निघून गेला होता. तोही लंगडत चालायचा.

मित्रमंडळी माझ्यावर खूश होती. किल्लेदार कोसळला की टेबलावर थापा पडायच्या. सगळ्यांत जोराची थाप मालकाची. पुढे मंडळी पांगली. मी कपाटावर, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली जाऊन पडले. कसरीने माझे कोपरे खाल्ले. पंचवीस वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मालकाच्या मुलीने मला खाली काढलं. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. सहकाऱ्यांबरोबर तिने मला खेळून पाहिलं, तर सगळे जांभया द्यायला लागले.

"हा किल्लेदार नुसता मरायला बसलाय गं," पुस्तकं बांधणारी सहकारी म्हणाली.

मुलगी पेन्सिल घेऊन बसली. नुसती वाट दाखवणाऱ्या सरायवालीला तिने किल्ल्यात अडकलेला नवरा दिला. पहारेकऱ्याला भित्रेपणा दिला आणि तो लपवण्याची धडपड. किल्लेदाराच्या पानावर तर तिने इतकं खोडलं की माझा कागद विरायला आला. तेवढ्यात मालक आत आला आणि त्याने मला तिच्या हातून हिसकावून घेतलं.

"याला कशाला हात लावलास? दुष्टाला कारण लागत नाही!"

"लागतं, बाबा. कारण नसलं की त्याची भीती वाटत नाही. नुसता कंटाळा येतो."

त्याची बोटं माझ्या पानावर आवळली. आता मी फाटणार, असं वाटून मी गारठले. पण तो म्हणाला, "खेळून दाखव. चार डावांत लोळवतो त्याला."

रविवारी दुपारी सगळे टेबलाशी बसले. मालक तलवारबाज झाला, मुलगी सूत्रधार. भुयारं ओलांडून ते शेवटच्या दालनात पोचले. मालकाने फासे मुठीत घेतले. मुलगी किल्लेदाराच्या आवाजात बोलू लागली.

"मार हवं तर. पण दाराला हात लावू नकोस. आत रोगाची साथ आहे. मलाही लागण झालीय. खाली गावात माझी आई आहे. ती वाचावी म्हणून मी आतून कडी लावली."

मालकाने फाशांची मूठ खाली घेतली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काकांनी," मुलगी आपल्या आवाजात म्हणाली. "गेल्या महिन्यात भेटले मी त्यांना. छातीचा आजार होता त्यांना, बाबा. आजीला लागू नये म्हणून गेले."

"मग एक चिठ्ठी लिहायला काय झालं होतं?" मालक ओरडलाच. "आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती!"

मुलीने मला मिटून ठेवलं. "ते मला ठाऊक नाही, बाबा. ते मी लिहूही शकत नाही. ते त्यांनाच विचारा."

मग मालकाने फासे न टाकताच टेबलावर ठेवले आणि खुर्ची सरकवून उठला.

"पत्ता दे त्याचा. भांडायलाच जातोय मी, सांगून ठेवतो."

किल्लेदार त्या दिवशी पहिल्यांदाच जिवंत राहिला.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी जुनी वही सापडली, तर तिला रद्दीत घालू नका, आणि जपायची म्हणून कपाटात कोंडूही नका. एक पेन्सिल घ्या, तिच्यातल्या सगळ्यांत वाईट माणसाचं पान उघडा आणि त्याला बोलू द्या. कागद थोडा विरेल. तेवढं आम्ही सोसतो.