दम कोंडलेली मशीन

होडीच्या मशीनने पुन्हा मान टाकली तेव्हा होडी तापीच्या ऐन मधोमध होती. लोटूने हाताला लागली ती बुडत्या बाभळीची फांदी धरली. काटे तळव्यात घुसले तरी सोडली नाही, आणि होडीचा दोर तिला आवळला. इथून सुटलो तर थेट खाली वाहत जाऊ आणि रुख्मिणी बेटावर एकटी राहील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी रुख्मिणी, त्याची बायको, बेटावरच्या केळीत बुंध्याशी फुटलेली पिलं छाटायला गेली होती. वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला, पाणी चढलं. शेवटचा फोन आला तेव्हा ती पंपाच्या खोलीच्या छतावर उभी होती. "दार बुडालं, लवकर या," एवढंच बोलली आणि फोन गेला. आसपास दुसरी मशीनची होडी नव्हती. ही होती, तीही बाबा आदमच्या जमान्यातली.

नाटक एकच चाललं होतं. दोरी ओढली की मशीन ऐटीत चालू व्हायची, थोडी चालायची, मग धापा टाकून बंद. लोटूने प्लग काढून सदऱ्याला पुसला. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं असेल म्हणून टाकीचं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून पाहिलं. पेट्रोल चोख. झाकण लावून दोरी ओढली. चालू झाली, आणि पुन्हा बंद.

"चाल ना वं माय, आजच्या दिस चाल!" त्याने मशीनला हात जोडले, मग शिवी हासडली, मग चांगला गडी माणूस भर नदीत हमसून हमसून रडला.

रडता रडता त्याचा हात नळीवरच्या रबरी फुग्यावर पडला. हा फुगा दाबून पेट्रोल मशीनकडे ढकलायचं. नेहमी टणक असणारा फुगा आज चपटा, आत ओढलेला. म्हणजे टाकीतून पेट्रोल येतच नव्हतं! टाकी भरलेली, नळी मोकळी, मग अडतंय कुठे? झाकण उघडलं की थोडी चालते, लावून ठेवलं की मरते. त्याने झाकणाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

झाकणाला हवा आत जायचं बारीक छिद्र असतं. पेट्रोल बाहेर पडायचं तर टाकीला श्वास घ्यावा लागतो. दसऱ्याआधी खंडेनवमीला अवजारं पूजली, तेव्हा त्याच्या आईने, कोकिळाबाईने, झाकणावर ओल्या हळदीकुंकवाचा असा सढळ लेप दिला होता की छिद्र पार बुजलं. त्यानंतर मशीन आजच पाण्यात उतरली होती. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आपोआप झडू द्यायचं, असं घरात सगळ्यांना दटावणारा लोटूच!

"माफ कर, तापीमाय," म्हणत त्याने गळाच्या टोकाने खपली उकरली. टाकीने फस्सकन हवा ओढली. मशीन चालू झाली ती थांबलीच नाही. बाभळीचा दोर सोडून त्याने होडी बेटाकडे वळवली.

बेट मात्र उरलं नव्हतं. केळीचे शेंडे तेवढे पाण्यावर हलत होते, आणि पंपाची खोली जिथे असायची तिथे नुसता भोवरा. "रुख्मिणीऽऽ!" लोटूने फेऱ्या मारत हाका घातल्या. मशीनच्या धडधडीत त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. उजेडही उतरला होता. तिने ओ दिली तरी कळणार कशी? मशीन बंद करायला हवी. पण ही म्हातारी तापल्यावर बंद केली की लवकर उठायची नाही, आणि इथे धरायला फांदीही नव्हती. त्याने बटणावर अंगठा ठेवला. जिच्यासाठी जीव टाकला, ती मशीन त्याने स्वतःच्या हाताने बंद केली.

होडी आडवी होऊन वाहू लागली.

"अहोऽ! इकडं! लिंबावर!"

खालच्या अंगाच्या कडुनिंबावर, पदराने फांदीला बांधून घेऊन, छतावरून वाहून आलेली रुख्मिणी बसली होती. लोटूने जीव खाऊन वल्हं मारलं. होडी झाडावर आदळली, आणि त्याने एका हाताने फांदी, दुसऱ्याने तिचा पाय घट्ट धरला.

"कधीची आवाज देऊन राहिली मी," ती रडत ओरडली, "तुम्ही दोनदा बाजूनं निघून गेले!"